आजोबांचं क्लॅरिनेट, नवं माउथपीस आणि पेटीशी न जुळणारा सूर

पडवीकर | २ जून, रात्री १०.४०

मंडळी, या विभागात बहुतेक धागे गाण्यांचे असतात. हा चालत नसेल तर संपादकांनी हलवावा.

आजोबा राजापूर भागातल्या एका लग्नाच्या बँडात वाजवायचे. ते गेल्यावर त्यांचं क्लॅरिनेट माळ्यावर, कणगीच्या मागे, वीसेक वर्षं पडून होतं. गेल्या दिवाळीत घर रंगवायला काढलं तेव्हा खाली आलं. लाकडी आहे, कुठे चिरलेलं नाही. चाव्यांखालचे पॅड कसरीने खाल्ले होते, ते कोल्हापूरला एका कारागिराकडून नवे बसवून घेतले. मी कॉलेजात असताना यामाहाचं प्लास्टिकचं क्लॅरिनेट तीन वर्षं वाजवलंय, म्हणजे फुंकर अगदीच कोरी नाही.

जुन्या माउथपीसच्या टोकाचा एक कोपरा किंचित उडालाय. म्हणून सगळे सांगतात ते घेतलं: व्हँडोरेन बी ४५, आणि त्याच कंपनीच्या निळ्या खोक्यातल्या अडीच नंबरच्या रीड, म्हणजे माउथपीसवर बांधायच्या पत्त्या; नंबर मोठा तशी पत्ती कडक.

आता अडचण. माउथपीस बॅरलमध्ये, म्हणजे त्याखालच्या आखूड नळीत, पुरतं जात नाही, दोन-तीन मिलिमीटर बाहेर राहतं. वाडीतल्या भजनी मंडळाच्या पेटीशी लावून बघितलं तर वाद्य चढं. बॅरल ओढून सा काळी पाचला आणला, तर खालचे सूर चढेच राहतात आणि मधले, म्हणजे जवळजवळ सगळी बोटं मोकळी असतात ते, उतरून बसतात. पेटीवाले बुवा म्हणाले, "तू आधी वाज, मग आम्ही ठरवू कुठच्या पट्टीत आहेस ते."

माउथपीस बदलू, रीड बदलू, की मीच चुकतोय?

भिरभिरं | २ जून, रात्री १०.५२

वाचतोय. फोटो टाका की राव.

सागरगोटा | ३ जून, सकाळी ७.१५

मी सावंतवाडीला मुलांना क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन शिकवतो, म्हणून जरा लांबड लावतो.

रीड आणि माउथपीस हे जोडपं आहे. त्यांचं आपसात पटलं तरच पुढचा संसार. माउथपीसचं टोक आणि रीडचं टोक यांच्यात जी फट असते ती मोजलेली असते. बी ४५ ची १.१९५ मिलिमीटर, त्याच कंपनीच्या ५ आरव्हीची १.०६५. फरक एका जाडसर कागदाएवढा, पण ओठाला लगेच कळतो. फट मोठी असेल तर रीड मऊ लागते, नाहीतर फुंकून फुंकून गाल दुखतात आणि सुराबरोबर नुसती हवा येते. फट लहान असेल तर कडक रीड, कारण मऊ रीड जोरात फुंकल्यावर टोकाला चिकटून बंद होते.

फटीइतकाच महत्त्वाचा तो उतार, जिथून रीड माउथपीसपासून सुटायला लागते. घरच्या घरी बघायचं तर रीड बांधा आणि कागदाचा कपटा रीड आणि माउथपीसच्या मधे वरून सरकवा. जिथे अडेल तिथे खालच्या ओठाची जागा. माझे निम्मे विद्यार्थी त्याच्या बरेच वर धरतात आणि मग रीडला शिव्या देतात.

अजून एक. नंबर सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात. निळ्या खोक्यातला अडीच हा रिकोच्या नारिंगी खोक्यातल्या अडीचपेक्षा कडक. त्यामुळे नुसतं "मी अडीच वाजवतो" याला अर्थ नाही, कशावर ते सांगा.

तुमच्या बाबतीत मात्र मला रीडचा दोष वाटत नाही. चुकीच्या रीडने आवाज बिघडतो, सगळंच थोडं चढतं-उतरतं. पण एक भाग चढा आणि एक उतरलेला, एवढा फरक रीड एकटी पाडत नाही. वाद्यावर बोटांखालच्या भोकांभोवती गोल कड्या किती आहेत?

तात्या बँडवाले | ३ जून, दुपारी १.३०

मी चाळीस वर्सां लग्नाच्या बँडात क्लारनेट वाजवलंय. तुमचा सगळा वाचून माझ्या डोक्यार घाम इलो. आमका नंबर खंयचो? दुकानात जायचा आणि "मऊ दी" नायतर "कडक दी" इतक्याच सांगायचा. न्हवरो घोड्यार बसलो की मऊ पत्ती, कारण चार तास वाजवचा आसता. मे महिन्याच्या उन्हात कडक पत्ती लावशात तर वरात हॉलात पोचासर ओठ सुजतले.

एक सांगतंय. ज्या माउथपीसाबरोबर क्लारनेट जन्माक इला, त्याका सोडून दुसरा लावशात तर तां रुसतला. आजोबांचो जुनो माउथपीस खंय आसा? टाकलात काय?

भिरभिरं | ३ जून, दुपारी १.४४

तात्या, "रुसतला" साठी तुम्हाला एक अख्खं सोलकढीचं पातेलं.

पडवीकर | ३ जून, रात्री ९.०५

तात्या, टाकलं नाही. आई टाकत होती, मी डब्यात ठेवलं.

सागरगोटा, कड्या दोनच. चाव्या मोजल्या, तेरा. माझ्या यामाहाला खूप जास्त होत्या आणि बोटं वेगळी पडायची, तेव्हाच पाल चुकचुकली होती.

एका ऑनलाइन दुकानदाराने सांगितलं की माउथपीसचं बूड पॉलिश पेपरने घासा म्हणजे आत जाईल. घासू का?

कातळसडा | ३ जून, रात्री ९.२०

घासा बिनधास्त. मी माझं घासलं होतं. बुडावरचा कॉर्क काढायचा, शून्य नंबरचा पेपर, दहा मिनिटांचं काम.

सागरगोटा | ३ जून, रात्री ९.२६

अहो थांबा!! घासलेलं परत येत नाही. कातळसडा, तुमचा फक्त कॉर्क जाड असेल, तो घासला तर काही बिघडत नाही. यांच्या बॅरलचं भोकच जुन्या मापाचं दिसतंय. इबोनाइट (माउथपीसचं कडक रबर) घासायचं म्हणजे एका जुन्या वाद्यासाठी नवंकोरं माउथपीस वाया घालवायचं. तेही सूर जुळतील याची खात्री नसताना.

कातळसडा | ३ जून, रात्री ९.३१

बरं बाबा. माझं वाजतंय एवढंच सांगितलं.

घाटमाथा | ४ जून, सकाळी ११.१०

तेरा चाव्या आणि दोन कड्या म्हणजे जुनी साधी पद्धत. १८१२ च्या सुमारास इव्हान म्युलरने तेरा चाव्यांचं क्लॅरिनेट आणलं, त्या घराण्यातलं. पुढे ब्रुसेल्सच्या आल्बेरने त्यात सुधारणा केल्या, म्हणून अशा वाद्यांना सरसकट आल्बर्ट सिस्टीम म्हणतात. आज शिकवतात ती बोएम पद्धत, सहा कड्यांची, तिचं पेटंट १८४४ चं, क्लोझे आणि ब्यूफे या दोघांचं. गंमत म्हणजे बोएम स्वतः बासरीवाला. त्याच्या बासरीवरच्या कड्यांची युक्ती यांनी क्लॅरिनेटवर चढवली आणि नाव त्याचं लागलं.

आपल्याकडच्या बँडांत जुनी पद्धत खूप टिकली. आणि तिला कमी लेखू नका. भोकं बोटाने अर्धी उघडता येतात, त्यामुळे मींड घ्यायला सोपी. दक्षिणेत ए. के. सी. नटराजन यांनी क्लॅरिनेटवर अख्खं कर्नाटक संगीत वाजवलं, २००८ साली मद्रास म्युझिक अकॅडमीचे संगीत कलानिधी झाले, २०२२ साली पद्मश्री.

खाजणकाठ | ४ जून, दुपारी ४.००

मुख्य प्रश्नावर मला काही सांगता येणार नाही, पण पाऊस तोंडावर आलाय म्हणून रीडबद्दल लिहितो.

माझी पहिली दहा रीडची पेटी एका जुलैत गेली. वाजवून झाल्यावर ओलीच प्लास्टिकच्या डबीत ठेवायचो. आठवड्याने उघडलं तर काळे ठिपके आणि टोकाला लाट आलेली, जशी पावसात पापडाला येते. आता रीड काढली की बोटाने पाणी निपटतो, सपाट बाजू खाली करून काचेच्या तुकड्यावर ठेवतो आणि वरून रबर लावतो. डब्यात तांदळाची पुरचुंडी. चार रीड आळीपाळीने वाजवतो, एकच रोज पिदडत नाही.

शेवटी गवतच ते. फ्रान्सच्या दक्षिणेला वार भागात वाढणारा नळ, आपल्या बोरूचा लांबचा भाऊ. त्याला कोकणातली हवा सोसायला वेळ द्या.

अवांतर: कॉर्कला काय लावता? माझी ग्रीसची कांडी संपलीय.

मालवणी मसाला | ४ जून, दुपारी ४.१८

मुठेल. टाचेच्या भेगांना लावतात तेच कोकमाचं तेल. घट्ट असतं, बोटाने चोळलं की वितळतं, कॉर्कवर फासलं की परत घट्ट. सहा वर्षं वापरतेय.

कातळसडा | ४ जून, दुपारी ४.२५

आणि खोबरेल?

मालवणी मसाला | ४ जून, दुपारी ४.२९

खोबरेल उन्हाळ्यात पाण्यासारखं पातळ होतं, कॉर्क पिऊन टाकतो, मग लाकडात उतरतं. शिवाय वास. स्टेजवर बाजूची तबलेवाली म्हणाली होती, "आज वडे कुणी तळले?"

सागरगोटा | ४ जून, संध्याकाळी ६.४०

मुठेल चालेल, पण अगदी नखभर. स्प्रिंगांना मात्र मशीनचंच तेल, सुईच्या टोकाने. समुद्राच्या हवेत त्या पोलादी सुया आधी गंजतात, बाकी सगळं नंतर.

पालखीचा भोई | ४ जून, रात्री १०.००

मी क्लॅरिनेटवाला नाही. आमच्या घरात सनई. शिमग्याला पालखीपुढे खालू बाजा असतो ना, ढोल-टिमकी-सनई, त्यात काका आणि मी. तुमचं वाचून एक जाणवलं की सनईला हे माउथपीसचं प्रकरणच नाही. दुहेरी पत्ती थेट ओठात. काका ताडाच्या पानाची पत्ती स्वतः करतात. पान भिजवायचं, घडी घालायची, नळीवर दोऱ्याने आवळायचं, मग ब्लेडने टोक खरवडायचं. वीस केल्या तर चार वाजतात, त्यातली एक शिमग्यासाठी राखून ठेवतात आणि तिला कोणी हात लावायचा नाही.

सूर कमी-जास्त करायचा तर पत्तीची नळी आत दाबायची किंवा जराशी ओढायची. आत गेली की चढतो. पण काका म्हणतात की एका हद्दीपलीकडे ओढलं की वरची बोटं आधी बिघडतात, खालची जागेवरच राहतात. पडवीकरांचं दुखणं तेच वाटतंय.

सागरगोटा | ४ जून, रात्री १०.२२

शंभर टक्के तेच. काकांना नमस्कार सांगा.

वरच्या टोकाला तीन मिलिमीटर वाढवले, तर आखूड नळीवर वाजणाऱ्या सुरांना ते टक्क्यांनी जास्त आणि लांब नळीवरच्या सुरांना कमी. म्हणून बोटं मोकळी असलेले सूर धाडकन उतरतात आणि खालचे जेमतेम हलतात. पडवीकरांचं नवं माउथपीस लांब, ते बाहेर राहतंय, वर त्यांनी बॅरलही ओढलंय. तिहेरी मार. यात बी ४५ चा काही दोष नाही, ते दुसऱ्या मापाच्या वाद्यासाठी केलेलं आहे.

पण मग एवढी ओढाताण करूनही खालचे सूर चढे का, हे अजून सुटत नाही.

वाशिष्ठीकाठी | ५ जून, सकाळी ८.०५

जुनं माउथपीस टाकू नका याला आणखी एक अनुमोदन. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात माझं क्लॅरिनेट दोन दिवस पाण्याखाली होतं. पाणी ओसरल्यावर केसचं झाकण उघडलं तर आत चिखल, आणि चिखलात एक जिवंत खेकडा. मी घाई केली, लाकूड उन्हात वाळत ठेवलं, वरचा भाग टोन होलपासून, म्हणजे सुराच्या भोकापासून, उभा चिरला. सावलीत ठेवलं असतं तर कदाचित वाचलं असतं. इबोनाइटचं माउथपीस मात्र धुतलं आणि आजही वाजतंय. फक्त उन्हाने काळ्याचं हिरवट-तपकिरी झालंय आणि चव गंधकाची लागते. कढत पाण्यात कधी घालू नका, वाकडं होतं. कोमटसुद्धा नको, साधं पाणी पुरे.

घाटमाथा | ५ जून, सकाळी ९.३०

सागरगोटा, सुटेल कदाचित. पडवीकर, वाद्यावर कंपनीच्या शिक्क्याच्या खाली किंवा मागच्या बाजूला एच. पी. अशी अक्षरं आहेत का? नसेल दिसत तर कापसाने रांगोळी चोळा, झिजलेला ठसा वर येतो.

पडवीकर | ५ जून, रात्री ८.५०

घाटमाथा, तुम्ही ज्योतिष बघता का?

तुळशीपुढची रांगोळी घेतली, कापसाने घासली, फुंकर मारली. नावाची अक्षरं अर्धी गेलीयत, पण "लंडन" दिसतंय, आणि त्याखाली स्वच्छ एच. पी. म्हणजे काय?

घाटमाथा | ५ जून, रात्री ९.१५

हाय पिच. चढी पट्टी. आज आपण "ए" हा सूर ४४० हर्ट्झला धरतो. ब्रिटिश लष्करी बँड जुन्या काळी तो ४५२ च्या आसपास धरायचे आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत त्याला चिकटून होते. बदल झाल्यावर अशी वाद्यं कवडीमोलाने बाहेर पडली. तुमच्यासारखी बरीच फिरत फिरत लग्नाच्या बँडात आली असणार. बँडात पेटी नसते, सगळे एकमेकांशी जुळले की झालं, त्यामुळे कुणाला पत्ता नाही.

हिशोब केला तर ४५२ आणि ४४० मध्ये जवळजवळ अर्ध्या स्वराचा निम्मा फरक. म्हणजे तुमचं क्लॅरिनेट काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधे वाजतं. पेटीवर ती पट्टीच नाही.

भिरभिरं | ५ जून, रात्री ९.१८

म्हणजे बुवांचं बरोबर होतं. "आधी वाज, मग ठरवू कुठच्या पट्टीत आहेस ते."

तात्या बँडवाले | ५ जून, रात्री ९.४०

अरे देवा. आमच्या बँडात एक असाच होता. मास्तर त्याका सगळ्यांच्या मागे उभो करायचे. चाळीस वर्सांनी आज कारण कळला.

सागरगोटा | ५ जून, रात्री ९.५५

आता एक करा. नवं माउथपीस बाजूला ठेवा, आजोबांचं लावा, बॅरल पूर्ण आत. फोनवरच्या ट्यूनरमध्ये ४४० बदलून ४५२ करा. मग खालपासून वरपर्यंत सावकाश वाजवा.

त्याआधी रीड नीट टेकतेय का बघा. माउथपीसचं खालचं तोंड तळहाताने बंद करा, आतली हवा ओढून घ्या, ओठ काढा. क्षणभर थांबून "टप्प" आवाज आला पाहिजे. लगेच सुटली तर कुठेतरी गळतंय. आणि समोरून बघा, रीड दोन्ही कडांच्या बाहेर तर येत नाही ना. काही जुनी माउथपीस अरुंद असतात.

पडवीकर | ७ जून, रात्री ११.३०

आज दिवसभर धो धो पाऊस, वीज नाही. बॅटरीच्या उजेडात बसलो.

जुनं माउथपीस पट्टीने मोजलं, नव्यापेक्षा जवळजवळ तीन मिलिमीटर आखूड. बॅरलमध्ये चपखल, जसं शिंपलीचं झाकण. टप्प आवाज पहिल्या चार वेळा आला नाही. उडालेला कोपरा डावीकडचा आहे. रीड केसभर त्या बाजूला आणि केसभर वर सरकवली, तेव्हा आला. अडीच नंबर त्यावर चुरगळल्यासारखा वाजत होता, फट खूपच लहान आहे. कॉलेजातल्या खोक्यात तीन नंबरच्या दोन जुन्या रीड होत्या, त्यातली एक लावली.

ट्यूनर ४५२ ला. खालचे सूर जागेवर. मधले दोन किंचित उतरलेले, ते ओठाने सावरता येतात. वरचे जागेवर. आई आतून म्हणाली, "हा आवाज ओळखीचा आहे."

मालवणी मसाला | ८ जून, सकाळी ७.००

पडवीकर, सकाळी सकाळी रडवलंत.

कातळसडा | ८ जून, सकाळी ९.१०

पण भजनाचं काय? पेटीशी कसं जुळवणार? लांब बॅरल करून घेतलं तर?

सागरगोटा | ८ जून, सकाळी १०.००

नाही जुळणार. अर्ध्या स्वराचा निम्मा उतरवायला एवढं लांब बॅरल लागेल की पहिल्या दिवसाची बोंब परत. भोकांमधली अंतरंच चढ्या पट्टीची आहेत. भजनाला दुसरं क्लॅरिनेट घ्या, साधं शिकाऊ चालेल, बी ४५ त्याला बसेल. तेही मे महिन्यात चढणार, पेटी जागची हलत नाही, पण तेवढं बॅरल ओढून भागतं.

दर्यासारंग | १९ ऑगस्ट, दुपारी ३.१५

शोधताना हा धागा सापडला, वर काढतोय. माझ्याकडे छोटं ई फ्लॅट क्लॅरिनेट आहे, माउथपीस हरवलंय. बी फ्लॅटचं, म्हणजे नेहमीच्या क्लॅरिनेटचं, चालेल का? आणि सॅक्सोफोनच्या रीड?

सागरगोटा | १९ ऑगस्ट, रात्री ८.३०

बी फ्लॅटचं माउथपीस नाही चालणार. ई फ्लॅटचं लहान असतं आणि पोकळीचं माप चुकलं की पुन्हा याच धाग्याची पहिली पोस्ट वाचावी लागेल. रीडचं मात्र जमतं. ई फ्लॅटच्या रीड मिळाल्या नाहीत तर बी फ्लॅटच्या बुडाकडून कापून वापरणारे आहेत. टोकाकडून कापू नका. ए क्लॅरिनेट हाताला लागलं तर त्याला बी फ्लॅटचंच माउथपीस, बदलायला नको. बास क्लॅरिनेटवर टेनर सॅक्सच्या रीड बरेच जण वाजवतात. सोप्रानो सॅक्सवर क्लॅरिनेटची रीड अडीअडचणीला चालते, किंचित अरुंद पडते.

आणि लक्षात ठेवा, ई फ्लॅटचा सा म्हणजे काळी दोन. पेटीवाल्याला आधी सांगा.

पालखीचा भोई | १९ ऑगस्ट, रात्री ९.००

पडवीकर कुठे आहेत?

पडवीकर | अनंत चतुर्दशी, मध्यरात्र

इथेच आहे. ओठ सुजलाय. तात्या, कडक पत्तीबद्दल बरोबर होतं तुमचं.

बी ४५ कुडाळच्या एका मुलीला दिलं, तिच्या यामाहावर छान बसलं, पैसे घेतले नाहीत. विसर्जनाला पालखीच्या भोईंचा खालू बाजा बोलावला होता. त्यांच्या काकांनी माझा एक सूर ऐकला, कानामागची पत्ती काढून नळीवर चढवली, अंगठ्याने आत दाबली, दोनदा पी पी केलं आणि सनई माझ्या सुराला आणून ठेवली. अर्धं मिनिट लागलं नसेल. मग घरापासून खाडीपर्यंत वाजवलं. पेटीवाले बुवा टाळ घेऊन मागे होते.

भिरभिरं | अनंत चतुर्दशी, मध्यरात्रीनंतर

सगळं ठीक. फोटो?